झाडीतली कच्ची वाट आणि पहिली माउंटन बाईक : कोल्हापुरातल्या नवशिक्यांसाठी

सकाळची_वाट | २४ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात सायकलचा विषय निघाला की बोलणं लगेच पन्हाळ्यावर नाहीतर जोतिबावर जातं. घाट किती मिनिटांत चढला, कुठल्या गिअरवर चढला. ज्यांना ते जमतं त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पण मला बोलायचंय ते त्याच्या फार अलीकडचं. ज्याला डांबर सोडून मातीवर पहिल्यांदा चाक घालायचंय, त्यानं सुरुवात कुठं करायची आणि कशी?

माझं वय ४६. शाळेत असताना वडिलांच्या काळ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून हाफ पायडल शिकले होते. लग्नानंतर सायकल सुटली ती सुटलीच. दोन वर्षांपूर्वी लेक पुण्याला शिकायला गेली आणि तिची माउंटन बाईक जिन्याखाली राहिली. यंदा संक्रांतीनंतर ती बाहेर काढली, ट्यूब बदलून घेतल्या आणि चालवायला लागले. आठवडाभरातच कळलं की सकाळी सातनंतर आपल्या रस्त्यांवर मला भीती वाटते. के.एम.टी.ची बस मागून हॉर्न देत आली की हात आखडतात.

मग ही वाट सापडली. आमच्या भागात टेकडीच्या उतारावर लावलेली जुनी झाडी आहे, आता तिचं उद्यान झालंय. पेव्हर ब्लॉकचा रस्ता संपतो तिथं डाव्या हाताला मुरमाची वाट सुरू होते. आधी करंज आणि शिरीष, मग निलगिरीचा पट्टा, वर सुबाभूळ, आणि उतरताना कडुनिंब. फिरून फाटकाशी यायला १.४ किलोमीटर. पहिले ७०० मीटर चढ, तोही सगळा मिळून २५ मीटर उंचीचा. एकच ठिकाण जरा उभं आहे, १५ मीटरचा तुकडा. बाकी वाट तीन ते चार फूट रुंद. सकाळी सहा ते साडेसात सायकल चालवायला उद्यानाच्या ऑफिसातून रीतसर परवानगी घेतली आहे. त्याआधी मी फाटकावरूनच परत फिरत होते.

पहिले तीन आठवडे मजेत गेले. चौथ्या आठवड्यात पडले. उतारावरच्या दुसऱ्या वळणावर सुटी खडी पसरली होती. मी त्या खडीकडंच बघत राहिले, सायकलही नेमकी तिकडंच गेली, आणि घाबरून उजवी मूठ करकचून आवळली. पुढचं चाक जागेवर थांबलं आणि घसरलं. मी डाव्या अंगावर आपटले. कोपर सोलवटलं, गुडघा आठवडाभर सुजलेला होता. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, त्याच्यावर खडीचा एक खोल ओरखडा आहे.

तेव्हापासून त्या वळणाशी आले की मी उतरून सायकल हातात धरून चालत जाते. ती भीती जायला हवी आहे. इथं जाणती मंडळी आहेत म्हणून विचारते. आणि ज्या बायकांना, ज्या वयस्कर लोकांना सायकल पुन्हा हातात घ्यायची आहे त्यांनी जरूर लिहावं, आपण मिळून जाऊ.


पेठकर | २४ मे, रात्री १०.१५

ताई, लई भारी. पडलीस म्हणजे चालवत होतीस, एवढं ध्यानात ठेव.

मी तालमीतला माणूस. सायकलचं तंत्र मला कमी कळतं, पण तू जे लिहिलंयस ते आखाड्यात रोज बघितलंय. नवीन पोरगं मातीत उतरलं की ताठ उभं राहतं आणि समोरच्याच्या हाताकडं बघत बसतं. वस्ताद पहिले चार महिने डाव शिकवतच नव्हते. नुसता पवित्रा. गुडघ्यात वाकलेलं, कंबर खाली, कोपरं सैल, वजन दोन्ही पायांवर, नजर वर. ताठ उभा राहिलास की गेलास. तुझ्या त्या वळणावर तू ताठ झाली असणार, बघ आठवून.


दोन_चाकं | २४ मे, रात्री ११.०२

पेठकर काकांनी अर्धं काम करून टाकलंय. माउंटन बाईकवर उतार उतरताना जी बसण्याची, खरं तर उभं राहण्याची पद्धत आहे ती हुबेहूब पवित्राच आहे. मी तोच शब्द वापरणार यापुढं.

ताई, सविस्तर लिहितो, कारण हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझं गळ्याचं हाड मोडलं नसतं.

उतार लागायच्या आधी पायडलं मारणं थांबवा आणि दोन्ही पायडलं जमिनीला समांतर आणा, एक पुढं एक मागं. एक पायडल खाली राहिलं तर ते मुळाला किंवा दगडाला आपटतं. सीटवरून बूड उचला, चार बोटं पुरे. टाचा थोड्या खाली. गुडघे आणि कोपरं वाकलेली, कोपरं जरा बाहेर. आता सायकल तुमच्या खाली हलू द्या. चाक मुळावर चढलं की हँडल वर येईल, कोपर ते पोटात घेईल, आणि तुमचं डोकं होतं तिथंच राहील. सीटवर घट्ट बसून राहिलात तर तोच धक्का कमरेतून मानेपर्यंत जातो. सीट नेहमीपेक्षा तीन-चार सेंटिमीटर खाली घेतली तर हे पुष्कळ सोपं होतं. सीटखाली क्विक रिलीजची, म्हणजे हातानंच सैल करायची, मूठ असेल तर पाना लागत नाही.

ब्रेकबद्दल. आधी घरी बघा कुठली मूठ कुठल्या चाकाची. आपल्याकडं बहुतेक सायकलींना उजवी पुढची असते, पण काही कंपन्यांच्या माउंटन बाईकला डावी पुढची येते. दुसऱ्याची सायकल घेतली की हे हमखास चुकतं. सायकल थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो, म्हणून त्याला घाबरून तो सोडून देऊ नका. दोन्ही ब्रेक एका-एका बोटानं, हळूहळू दाबत न्या. मुख्य गोष्ट म्हणजे वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना कमी करा. वळणात शिरलं की पुढच्या टायरला वळायचं काम असतं. त्याच वेळी त्याला थांबायलाही सांगितलं तर सुट्या खडीवर ते दोन्ही करू शकत नाही. तुम्ही पडलात ते याच कारणानं.

आणि नजर. खडीकडं बघाल तर खडीत जाल. डोळे जिकडं तिकडं खांदे, खांदे जिकडं तिकडं हँडल. वळणात शिरतानाच वळणाच्या शेवटाकडं बघा, हनुवटीसुद्धा तिकडं वळवा. चाकाखाली काय आहे ते दोन सेकंदांपूर्वी तुम्ही बघितलेलं असतं, पुन्हा बघायची गरज नाही.

सराव मातीवर नको. रिकाम्या मैदानावर खडूनं वळण काढा, नाहीतर चार चपला मांडा. दहा वेळा, वीस वेळा. मग त्या वळणावर जा, आधी चालत. सायकल झाडाला टेकवा आणि नुसतं चालून बघा, कुठं ब्रेक सोडणार, कुठं बघणार.


सकाळची_वाट | २५ मे, सकाळी ७.५०

दोघांचेही मनापासून आभार. हो, मी ताठ झाले होते, हात कडक, गुडघे सरळ. आणि डावं पायडल खाली होतं, ते आत्ता आठवलं.

दादा, चपला मांडून सराव आज संध्याकाळीच सुरू करते.


चिमणीची_आई | २५ मे, दुपारी १.२०

आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्यासाठी अशी वाट चालेल का? आणि सायकल कुठली घ्यावी? गेल्या वर्षी एका दुकानातून ‘वाढतं वय आहे, दोन वर्षं पुरेल’ म्हणून मोठ्ठी सायकल गळ्यात मारली. पुढं मागं दोन्हीकडं जाड स्प्रिंगा, वजन इतकं की तिला जिन्यावरून उतरवताही येत नाही. ती चालवतच नाही म्हणते. मला आधी वाटलं तिलाच आवड नाही.


दोन_चाकं | २५ मे, दुपारी ३.०५

ताई, आवड नाही असं मुळीच समजू नका. पोरीचं वजन २५-२६ किलो आणि सायकल १५ किलोची, म्हणजे आपण आपल्या अर्ध्याहून जास्त वजनाची सायकल ढकलण्यासारखं आहे. नऊ वर्षांच्या मुलीला उंचीप्रमाणं २० किंवा २४ इंची चाक पुरतं. सीटच्या पुढं दांडीवर दोन्ही पाय टाकून उभं केलं तर पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत आणि दांडीवर दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे. मागची स्प्रिंग नकोच. त्या किमतीत ती फक्त वजन वाढवते आणि पायडल मारलेलं बळ खाते. पुढचीही नसली तरी चालेल. हवा नीट असलेला जाड टायर हेच लहान मुलाचं सस्पेन्शन.

ब्रेकची मूठ तिच्या बोटांना पोचते का ते बघा. बहुतेक मुठींना एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की मूठ हँडलजवळ येते. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि वाट अगदी चालेल. आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशन नावाची संस्था आहे, १९८८ सालची, इम्बा म्हणतात. त्यांनी वाटांना रंग ठरवून दिलेत. हिरवं वर्तुळ म्हणजे सोपी वाट : रुंदी ३६ इंच किंवा जास्त, सरासरी चढ ५ टक्क्यांपर्यंत, कुठंही १५ टक्क्यांच्या वर नाही, आणि टाळता न येणारा अडथळा दोन इंचांपेक्षा उंच नाही. त्याच्या पुढं निळा चौकोन, मग काळा हिरा. सकाळची_वाट ताईंनी दिलेले आकडे घेतले तर ७०० मीटरला २५ मीटर म्हणजे साडेतीन टक्के. त्या उभ्या तुकड्याची उंची किती आहे ताई?


सकाळची_वाट | २५ मे, रात्री ८.३०

आज दोरी आणि लेकीच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन गेले होते. १५ मीटरला अंदाजे दोन मीटर. म्हणजे साधारण १३ टक्के. हिरव्यातच बसते आपली वाट! मुळं मात्र दोन ठिकाणी तीन बोटं वर आलीत, निलगिरीखाली. तिथं उजवीकडून जायला जागा आहे.

चिमणीची आई, रविवारी या. माझी सीट खाली करून देते, तिला आधी सपाट भागावर चालवू दे.


फिरस्ता_६८ | २६ मे, सकाळी ९.१०

मी या चर्चेत पडू की नको, असा विचार करत होतो. मी ६८ वर्षांचा आहे, गेली अकरा वर्षं रोज पहाटे अशाच एका टेकडीवरच्या झाडीत फिरायला जातो. सायकलवाल्यांबद्दल माझा अनुभव चांगला नाही. गेल्या थंडीत मागून एक तरुण आवाज न देता इतक्या जोरात गेला की मी दचकून बाजूला झालो आणि तोल जाऊन हातावर पडलो. मनगट मुरगळलं, तीन आठवडे पट्टा होता. तो थांबला नाही.

मला कमी ऐकू येतं. तुम्ही लांबून घंटी वाजवलीत तरी मला ती ऐकू येईलच असं नाही. आमच्यासारख्यांना ही झाडी म्हणजे औषधासारखी आहे. डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलंय, आणि रस्त्यावर चालायला जागा उरली नाही. आता तिथंही मागे वळून बघत चालायचं का?

ताईंचं लिहिणं प्रामाणिक वाटलं म्हणून लिहिलं. राग मानू नये.


सकाळची_वाट | २६ मे, सकाळी ११.४५

काका, राग कसला मानू. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमच्यासोबत जे झालं ते वाचून वाईट वाटलं. तो थांबायला हवा होता.

मी काय करते ते सांगते, कमी असेल तर तुम्ही सांगा. चालणारा माणूस दिसला की पायडल बंद, आणि जवळ गेल्यावर उतरते. वाट तीन फुटांची आहे, तिथं शेजारून जायला जागाच नाही. घंटी लांबून एकदा वाजवते, माणसानं वळून बघितलं नाही तर वाजवत सुटत नाही, चालत मागून जाऊन ‘काका, डावीकडून जाऊ का’ असं विचारते. १.४ किलोमीटरमध्ये चार वेळा उतरावं लागलं तर माझं काही बिघडत नाही. उलट पुन्हा चढून निघायचा सराव होतो, चढावर तो फार लागतो.

पण तुमचं कमी ऐकू येण्याचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आपण उलट्या दिशेनं फिरलो तर? म्हणजे चालणारे ज्या बाजूनं चढतात त्याच्या विरुद्ध बाजूनं सायकली चढतील. मग आम्ही तुम्हाला समोरून दिसू, मागून कधीच येणार नाही.


दोन_चाकं | २६ मे, दुपारी १२.३०

उलट दिशेची कल्पना उत्तम. काका, बहुतेक ठिकाणी हाच नियम आहे : चालणाऱ्याचा हक्क पहिला, सायकलनं थांबायचं. आणि दोन सायकली समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला वाट द्यायची, कारण चढावर थांबलेल्याला पुन्हा निघणं अवघड असतं.


पेठकर | २६ मे, दुपारी १.००

काका, त्या पोरानं तुम्हाला उचलायला पाहिजे होतं. एवढंच म्हणतो.


माळावरची | २७ मे, रात्री ९.२०

वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून एका गोष्टीबद्दल कळकळीनं लिहिते. मृग दहा-बारा दिवसांवर आला. पावसात ही वाट बंद ठेवा. नुसतं ‘घसरायला होतं’ म्हणून नाही.

झाडाची मोठी मुळं खोल जातात असं आपल्याला वाटतं, पण पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूटभर मातीत पसरलेली असतात. कोरडी माती वजन सहन करते. ओली माती दाबली की तिच्यातल्या हवेच्या जागा मिटतात, आणि त्या वाळल्यावरही सहज उघडत नाहीत. मुळांना श्वास घ्यायला हवा लागते, ती मिळत नाही. तुमच्या निलगिरीखाली तीन बोटं वर आलेली मुळं हे आधीच माती वाहून गेल्याचं लक्षण आहे.

दुसरं म्हणजे टायरची चाकोरी. ओल्या उतारावर ब्रेक मारून मागचं चाक घासत नेलं की एक नाली पडते. पुढचा पाऊस त्याच नालीतून धावतो, ती खोल करतो, आणि पुढच्या वर्षी तिथं वाट उरत नाही, ओहोळ उरतो. आपल्याकडचा पाऊस काय असतो ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेच्या पुरानं दाखवलंय.

ओल तपासायची सोपी रीत : वाटेवर सायकल दहा पावलं ढकलत न्या आणि मागे वळून बघा. टायरचे ठसे मातीत रुतलेले दिसले, किंवा काळ्या मातीचा चिखल टायरला चिकटून वर आला, तर परत फिरा.


हायब्रीड_वाला | २७ मे, रात्री ९.५५

मुरमाची वाट पावसात एवढी वाईट होत नाही हो. दोन तासांत निचरा होतो. मी पावसातच जास्त चालवतो, गारवा असतो. चार महिने बंद म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा गेला.


माळावरची | २७ मे, रात्री १०.२०

मुरमाचा निचरा होतो, हे खरं. पण ताईंच्या वाटेवर निलगिरी आणि सुबाभळीखाली पालापाचोळा कुजून झालेली मऊ माती आहे, ती मुरूम नाही. कळीची जागा तीच आहे. तुम्हाला पावसात चालवायचं असेल तर डांबरी रस्ता आहे, रंकाळ्याचा काठ आहे. झाडांना दुसरी जागा नाही.


दोन_चाकं | २८ मे, सकाळी ६.४०

माळावरची ताईंच्या बाजूनं. आणखी एक. वाट करताना ती उताराच्या बाजूला अगदी थोडी कलती ठेवायची असते, म्हणजे पाणी वाटेवरून आडवं निघून जातं, लांबीनं धावत नाही. माणसं आणि सायकली मधोमध जाऊन जाऊन तिथं खळगी पडते, मग कड उंच राहते आणि पाणी अडकून वाटेवरूनच वाहतं. दोन माणसं, दोन फावडी, पावसाच्या आधीची एक सकाळ एवढ्यात ती कड काढता येते. ऑफिसला विचारून करूया का? मी येतो.


पेठकर | २८ मे, सकाळी ७.१५

फावडी माझी. आखाड्याची माती आम्ही अशीच खणून, चाळून सारखी करतो. चार पोरं घेऊन येतो.


परगावी_कोल्हापूरकर | २८ मे, दुपारी २.००

वाचून घरची ओढ लागली. एक जुनी गोष्ट आठवली म्हणून लिहितो. हा खेळ मुळात सुरू झाला तोही मोडक्या सायकलींवर. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत तरुण मुलं १९३०-४०च्या काळातल्या जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर ढकलत न्यायची आणि मातीच्या रस्त्यावरून खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली, नाव ‘रिपॅक’. त्या सायकलींना उलट पायडल मारून लागणारा ब्रेक असायचा, खाली येईपर्यंत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि प्रत्येक फेरीनंतर नव्यानं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून रिपॅक. पुढच्याच वर्षी त्यांच्यातल्याच जो ब्रीझ यानं खास या कामासाठी नवी फ्रेम तयार केली, आणि १९९६ ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आलासुद्धा. वीस वर्षांत.

जिन्याखालची सायकल काढून कुणी पुन्हा सुरू करतंय, हे त्याच्याशी फार जुळतं असं वाटलं.


चिमणीची_आई | ३१ मे, रात्री ८.१०

आज सकाळी गेलो होतो. सकाळची_वाट ताईंनी आधी टायरमधली हवा बघितली. आमच्या दुकानदारानं दगडासारखी टणक भरून दिली होती. त्यांनी छोट्या पंपावरच्या काट्यावर दाखवलं, ५५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). टायरच्या कडेला कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती ते छापलेलं असतं, हे मला माहीत नव्हतं. हळूहळू सोडत खालच्या मर्यादेशी आणली. मग मुलीला टायर अंगठ्यानं दाबायला लावला. ‘आई, हा आता हसतो’ म्हणाली.

ताईंची सायकल तिनं सपाट भागावर चालवली. दुसऱ्या फेरीला करंजाखाली एक मोर अगदी वाटेवर उभा होता. ताईंनी हात वर करून थांबवलं, आम्ही तिघी उतरून उभ्या राहिलो. तो सावकाश पलीकडं गेला. पोरगी दिवसभर तेच सांगतेय.


सकाळची_वाट | ३१ मे, रात्री ९.००

हवेबद्दल बाकीच्यांसाठी लिहिते. माझं वजन ६० किलो, टायर २.१ इंची, ट्यूबवाला. पुढं २८, मागं ३० पीएसआय ठेवते. पहिल्यांदा हौसेनं २० केली होती, तर मुळावरून जाताना रिम ट्यूबवर आपटून पंक्चर झालं. शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. एकच बारीक भोक असेल तर तो बाभळीचा काटा. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून हात फिरवून काटा काढायचाच, नाहीतर नवी ट्यूबही जाते.

बायकांसाठी दोन गोष्टी. ओढणी घरी ठेवा, सलवारीची उजवी बाजू घोट्याशी बांधा, चेन तिथंच आहे. आणि एकट्या जाऊ नका, दोघी असाव्यात. मी फाटकावरच्या मामांना आत जाताना सांगते आणि बाहेर पडताना हात करते.

कुत्री मागं लागली तर पळवू नका सायकल. उतरा, सायकल मधे धरा, उभ्या राहा. चार महिन्यांत तीनदा झालं, तिन्ही वेळा ती भुंकून गेली.


फिरस्ता_६८ | ४ जून, सकाळी ८.५०

काल ताईंच्या वाटेवर मुद्दाम गेलो होतो. पत्ता त्यांनी निरोपातून दिला. सायकली समोरून आल्या. तीन जणी होत्या, तिन्ही उतरल्या. एकीनं विचारलं, ‘काका, तुम्हीच का ते?’

पेठकर आणि त्यांची पोरं फावडी घेऊन खालच्या वळणावर काम करत होती. मला जड काम जमत नाही. मी सुटी खडी वेचून टोपलीत भरली. तासभर.


हायब्रीड_वाला | ४ जून, सकाळी ९.३०

काका, तुमचा निरोप वाचला. पावसात मी रस्त्यावरच चालवीन. पुढच्या वेळी फावडं मारायला मलाही बोलवा.


सकाळची_वाट | ८ जून, रात्री ९.१५

परवा रात्री पहिला मोठा पाऊस झाला. काल सकाळी दहा पावलं ढकलून बघितलं, ठसे रुतले. वाट बंद. आता दसऱ्यानंतर.

तोवर मैदानावर चपला मांडून वळणं चालू आहेत. आठवड्यातून दोन दिवस चिमणीही येते.


सकाळची_वाट | २६ ऑक्टोबर, सकाळी १०.२०

धागा वर आणते.

आज वाट उघडली. पावसाआधी कड काढली होती त्या भागात पाणी आडवं निघून गेलंय, वाट जशीच्या तशी. निलगिरीखाली मात्र हात पुरला नव्हता, तिथं वीतभर खोल नाली पडली आहे. माळावरची ताई म्हणाल्या तसंच. तिथं आत्ता फांद्या आडव्या टाकून ठेवल्या आहेत, वळसा घालून जायचं. गवत कमरेएवढं आहे, पाचोळा ओला आहे, त्यात पाय घालू नका. घोणस अशाच जागी पडून असते. पहिली फेरी सगळ्यांनी काठी घेऊन चालतच केली.

दुसऱ्या फेरीला मी सायकलवर होते. दुसऱ्या वळणाच्या आधी कडुनिंबाशी ब्रेक दाबले, सायकल सरळ होती. पायडलं समांतर आणली, बूड उचललं. हनुवटी वळवली आणि वळणापलीकडं जो पांढरा दगड आहे त्याच्याकडं बघितलं. खडी होती की नाही ते मला आठवत नाही. चाक गेलं. दगडाशी येऊन थांबले तेव्हा फिरस्ता काका तिथं काठी टेकून उभे होते. म्हणाले, ‘चालत नाही आलीस आज.’ मला बोलताच आलं नाही, नुसती मान हलवली.

मग आणखी तीन वेळा गेले त्याच वळणावरून. तिसऱ्यांदा थोडी रुंद गेले, बाकी ठीक.

चिमणीला २४ इंची सायकल मिळाली आहे, जुनी पण हलकी, परगावी दादांच्या भाचीची. ती उभा तुकडा अजून ढकलतच चढते. गिअर चढ लागायच्या आधी बदलायचा, बळ लावताना नाही, हे तिला सांगितलंय. आज चेन एकदाच पडली.

नालीचं काम पुढच्या रविवारी, १ तारखेला. ऑफिसला कळवलंय. सव्वासहाला फाटकापाशी. फावडी पेठकरांकडं आहेत, टोपल्या तीन लागतील. काम झाल्यावर ज्यांना गंगावेशीत दूध कट्ट्यावर दूध प्यायला यायचंय त्यांनी आपापला पेला आणावा. नवीन कुणी येणार असेल तर सायकल आदल्या रात्री बघून घ्या : ब्रेक, आणि हवा.